मावशींपुढे प्रार्थना करताना

माझ्या बायकोच्या मावशींपुढे प्रार्थना करायला भले भले भाविक घाबरत असत, आणि माझी तर अशी समजूत आहे की मावशी सभेत येऊन बसल्या की खुद्द देवही जरा सावरून बसत असावा. खडकीच्या त्या लहानशा चर्चमध्ये पाळक आले आणि गेले, बाकं बदलली, पेटी बदलली, पण प्रार्थना संपल्यावर तिसऱ्या बाकावरून येणारा तो कोरडा आवाज काही बदलला नाही. आमेन होईपर्यंत मावशी थांबत, तेवढी शिस्त त्यांच्यात होती. पण आमेनचा शेवटचा 'न' हवेत विरायच्या आत त्या प्रार्थना करणाऱ्याकडे वळून विचारत, "म्हणजे नक्की काय?" ज्याला विचारलं जाई तो माणूस घामाघूम होई. कारण मघाशी आपण इतका वेळ डोळे मिटून जे काही बोललो ते नक्की काय होतं, हे त्यालाही पहिल्यांदाच शोधावं लागत असे.

मी या मंडळींत उपरा. शनिवार पेठेत वाढलेला, टेलिफोन खात्यात कारकुनी करणारा. करुणाशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा दोन्हीकडच्या नातेवाइकांनी अस्सल पुणेरी पद्धतीनं, म्हणजे न भांडता, नुसतं बोलणं बंद करून निषेध नोंदवला होता. येरवड्यात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तिथे पहिलं कोण आलं असेल तर या मावशी. एका हातात मटणाचा डबा, दुसऱ्या हातात बटाट्याच्या भाजीचा. दारातच म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही मटण खाता का ते मला माहीत नाही, म्हणून दोन्ही आणलंय. उगाच भिडेनं खाऊ नका आणि भिडेनं सोडूही नका." सासरच्या माणसाकडून इतकं स्वच्छ वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. मी मटण खाल्लं. भाजीही खाल्ली.

सासरची मराठी दोन प्रकारची आहे, हे मला हळूहळू कळत गेलं. एरवी ही माणसं पीएमटीच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून ठणकावून बोलणारी, पण प्रार्थनेला बसली की त्यांच्या जिभेवर एक वेगळीच भाषा येऊन बसे. ज्याची नोकरी गेली तो 'वाळवंटातून चालत' असे. ज्याला नोकरी लागली त्याच्यासाठी 'दार उघडलं' असे. कुणाला गायनमंडळाच्या सरावाला यायचा कंटाळा आला तर तो सरळ कंटाळा आला म्हणत नसे. 'त्या बाबतीत मला अंतःकरणात शांती नाही' असं म्हणे, आणि यावर कुणालाही काही बोलता येत नसे. एखादीच्या घरची भानगड सांगायची असेल तर 'आपल्या एका बहिणीला प्रेमानं प्रार्थनेत उचलून धरू या' अशी सुरुवात होई आणि मग ती भानगड भाजणीच्या चकलीसारखी सावकाश, खुसखुशीत बाहेर येई. मी हसायचो, पण मनातल्या मनात. कारण आमच्या घरी तरी काय वेगळं होतं? 'सगळं मिथ्या आहे' असं उठता-बसता म्हणणारे माझे काका नळाच्या पाण्यावरून शेजाऱ्यांशी जन्मभर भांडले, आणि अनुग्रह, प्रारब्ध, साक्षात्कार हे शब्द आमच्याकडे चहापोह्यांबरोबर फिरायचे. त्यांचा अर्थ विचारायला आमच्या घरात मावशी नव्हत्या, एवढाच फरक.

मावशी जन्मभर एका मोठ्या इस्पितळात वॉर्डच्या सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावरही पांढरी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि बोलण्यात कामापुरते शब्द. "आमच्या वॉर्डात पेशंट 'मला वेदनेच्या दरीतून जावं लागतंय' असं म्हणाला असता तर आम्ही कुठे मलम लावलं असतं?" असा त्यांचा सवाल असे. दुखतं कुठे ते बोट ठेवून सांगावं, डॉक्टरलाही आणि देवालाही, हे त्यांचं सगळं धर्मशास्त्र. चर्चहून घरी आलं की त्या प्रवचनाचा सारांश सांगत. पाळकसाहेब तासभर बोललेले असत आणि मावशींचा सारांश कांदा परतेपर्यंत संपे. "शेजाऱ्याशी गोड बोला, एवढंच म्हणणं होतं. तिथे पोचायला बायबलातल्या मिसर देशातून फिरून आले." त्यांचे शेजारी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एक मुसलमान चाचा. त्यांनी एकदा कुतूहलानं विचारलं, तुम्ही लोक रविवारी चर्चमध्ये नेमकं करता तरी काय? त्या वेळी तिथे हजर असलेल्या चर्चच्या एका उत्साही बंधूंनी घसा खाकरला, पण मावशींनी त्यांना हातानंच थांबवलं. "आठवडाभरात जे चुकलं ते कबूल करतो, माफी मागतो, गाणी म्हणतो आणि घरी येऊन स्वयंपाक करतो." चाचा म्हणाले, "ये तो अच्छा है." त्यानंतर चाचांनी मावशींचं घड्याळ कधी बंद पडू दिलं नाही.

एकदा नगरकडून एक पाहुणे वक्ते आले होते. नम्रपणा इतका, की व्यासपीठावरून 'मी एक रिकामं पात्र आहे' हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. जेवायला ते मावशींकडेच होते. पंगत बसली, सगळ्यांची ताटं भरली, पाहुण्यांचं मात्र कोरडंच. ते बिचारे कोशिंबिरीकडे बघत बसले. शेवटी मावशी वाढायला आल्या आणि अत्यंत आदरानं म्हणाल्या, "आपण रिकामंच असण्यावर इतका भर दिलात, की भरण्याआधी विचारावं म्हटलं." मग मात्र त्यांनी पाहुण्यांना असं आग्रहानं वाढलं की त्यांना संध्याकाळच्या सभेत उभं राहवेना. पाहुणे त्या सभेत थोडकंच बोलले आणि फार चांगलं बोलले, असं सगळ्यांचं मत पडलं.

पण मावशींचं खरं रणांगण म्हणजे बायकांची गुरुवारची घरसभा. ही सभा पाळीपाळीनं एकेकीच्या घरी भरे. सुरुवातीला प्रत्येकीनं आपापली 'विनंती' सांगायची, म्हणजे कशासाठी प्रार्थना हवी ते, आणि मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. यात एक रिवाज होता. जिला आपली अडचण उघड करायची नसेल तिनं नुसता हात वर करून 'गुप्त विनंती' म्हणायचं. कुणी पुढे विचारायचं नाही, सगळ्यांनी 'तुला ठाऊक आहे प्रभू' असं म्हणून त्या गुप्त गोष्टीसाठी प्रार्थना करायची. मावशींचा या रिवाजावर भारी राग. "पोस्टात पत्ता न लिहिता पाकीट टाकायचं आणि वर पोचलं नाही म्हणून रडायचं," असं त्या म्हणत. एखादीनं 'मनावर ओझं आहे' म्हटलं की मावशी विचारत, "कसलं? गुडघा की सून?" आणि बहुतेक वेळा दोन्हींपैकी एक निघे.

लीलाबाई नावाच्या एक अगदी गरीब स्वभावाच्या बाई होत्या, बोलल्या तर शेजारच्या खुर्चीलाही ऐकू जाऊ नये अशा. त्या कित्येक गुरुवार 'शरीरातल्या काट्यासाठी' प्रार्थना मागत होत्या आणि बायका भक्तिभावानं ती करत होत्या. मावशींनी एकदा त्यांना सगळ्यांदेखत धरलं. काटा आहे तर कुठे आहे? लीलाबाई रडवेल्या झाल्या आणि त्यांनी गालाला हात लावला. काटा दाढेत होता. मावशींनी सभा अर्धवट सोडून त्यांना रिक्षात घातलं आणि दातांच्या डॉक्टरकडे नेऊन दाढ काढवून आणली. पाळकसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या पाळकीणबाई, यांना हे अजिबात आवडलं नाही. सभेचा आदर राहिला पाहिजे, काही गोष्टी देवाच्या आणि माणसाच्या मध्येच राहू द्याव्यात, असं त्यांनी मावशींना शांतपणे सांगितलं. मावशी म्हणाल्या, दाढ देवाच्या आणि माणसाच्या मध्ये नव्हती, लीलाबाईंच्या तोंडात होती. काही दिवस दोघींत बोलणं नव्हतं.

आणि मग तो गुरुवार आला. सभेची पाळी आमच्याकडे होती. अशा वेळी माझं काम आतल्या खोलीत गुपचूप बसायचं आणि शेवटी चहा टाकायचा. मध्ये फक्त एक पडदा, त्यामुळे सगळं ऐकू येई. एकेकीच्या विनंत्या झाल्या. मावशींची पाळी आली. त्यांची विनंती नेहमी ठरलेली असे: अमक्याची परीक्षा, तमक्याचा ताप. त्या दिवशी ना परीक्षा, ना ताप. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. मावशींनी हात वर केला होता.

"गुप्त विनंती," त्या म्हणाल्या.

मी पातेलं हातात धरून तसाच उभा राहिलो. एखाद्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी त्या बायका इतक्या दचकल्या नसत्या. पाळकीणबाईंनी रिवाजाप्रमाणे डोळे मिटले, बाकीच्यांनीही मिटले, आता प्रार्थना सुरू होणार, तोच लीलाबाईंचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो आतल्या खोलीपर्यंत पोचला.

"सिस्टर, मला नाही कळलं," त्या म्हणाल्या. "कुठे दुखतंय?"

मावशी आपलं नेहमीचं कोरडं बोलणं सोडून भलतंच काही बोलू लागल्या. प्रभू आपल्याला भट्टीतून काढतो, त्याची योजना आपल्याला कळत नाही, प्याला त्यानं दिला तर घ्यावा. ज्या भाषेची त्यांनी जन्मभर टर उडवली तीच त्या घडाघडा बोलत होत्या, आणि मला ऐकताना फार वाईट वाटलं, कारण तेव्हा मला उमगलं की ही भाषा माणसं अंगावर का ओढून घेतात. थंडी वाजते म्हणून. लीलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेवढंच विचारलं. कुठे?

"छातीत गाठ आहे," मावशी म्हणाल्या. "डावीकडे. पावसाळ्यापासून आहे. मी कुणाला दाखवली नाही. मला काय ते ठाऊक आहे, मी वॉर्डात अशा खूप बघितल्यात. मला भीती वाटते."

पुढे काय झालं ते सांगताना मला आजही पाळकीणबाईंबद्दल आदर वाटतो. त्यांनी डोळे उघडले. प्रार्थनेचं पुस्तक बाजूला ठेवलं. मावशींच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांचा हात धरून म्हणाल्या, "उद्या सकाळी मी येते तुमच्याबरोबर. डॉक्टरकडे आधी जाऊ, प्रार्थना रिक्षात करू." त्या दिवशी आमच्या घरात चहा कुणी प्यायलं नाही. पण बायकांनी उठायच्या आधी सगळं ठरवून टाकलं होतं: डबे कोण देणार, इस्पितळात कोण थांबणार, मावशींच्या दिल्लीतल्या मुलाला फोन कोण करणार. करुणा नुसती रडत होती आणि मावशी तिला म्हणत होत्या, "अगं, रडतेस काय, नाक पूस आधी."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी इस्पितळात मी आणि करुणाच होतो. करुणा खाली औषधं आणायला गेली. पाळकसाहेब आणि पाळकीणबाई येणार होते, पण ते वाटेत कुठेतरी अडकले होते, आणि थिएटरकडे न्यायला माणूस ढकलगाडी घेऊन आला. हिरव्या झग्यात मावशी इतक्या लहान दिसत होत्या की मला ओळखायला क्षणभर वेळ लागला. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी माझ्याकडे दिलं.

"पाळकसाहेब नाही आले?"

"येतीलच. वाटेत असतील."

"मग तुम्ही करा प्रार्थना."

मी म्हणालो, मावशी, मला नाही येत. तुमचे शब्द मला ठाऊक नाहीत.

"म्हणूनच सांगतेय," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

ढकलगाडीवाला टोपी काढून उभा राहिला. मी आयुष्यात असं कधी काही केलं नव्हतं. हात जोडायचे की बांधायचे, तेही कळेना. मी म्हणालो, "देवा, मावशींना भीती वाटतेय. मलाही वाटतेय. त्यांना बरं कर आणि घरी पाठव. आम्हाला त्या हव्या आहेत." यापुढे काय म्हणावं ते सुचेना, म्हणून थांबलो, आणि सवयीनं त्यांच्या प्रश्नाची वाट पाहू लागलो. मावशींनी डोळे उघडले. ते ओले होते.

"कळलं," त्या म्हणाल्या. "आता आमेन म्हणा, नाहीतर हे लोक मला आत नेणार नाहीत."

गाठ वाईट होती, पण पसरली नव्हती. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. मावशी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या आणि त्या सगळ्या वर्षांत खडकीच्या बायका गुरुवारी प्रार्थनेत इतकं सरळ बोलू लागल्या की नव्या पाळकांना पहिले काही महिने दबकूनच बसावं लागे. मागच्या थंडीत मावशी गेल्या, झोपेत, काही न बोलता.

करुणाची तब्येत अलीकडे बरी नसते. रोज सकाळी ती प्रार्थनेला बसते तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन बसतो आणि तिचं नाव घेऊन म्हणतो, हिला बरं कर, मला ही हवी आहे. याहून जास्त मला अजूनही येत नाही. आमेन म्हणायचं मी विसरतो. ते ती म्हणते.