व्हर्ना क्लाइनचे बिनलोण्याचे लाडू

व्हर्ना क्लाइन एकेचाळीस वर्षं हॅलोवीनला, सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत येणाऱ्या मुलांना, मक्याच्या लाह्यांचे लाडू वाटत आली होती. हल्ली घरचं केलेलं कोणी मुलांना खाऊ देत नाही; पाकीटबंद नसेल ते थेट कचऱ्यात. ओहायोतल्या त्या गावात या नियमाला एकच अपवाद होता, व्हर्ना. शाळेच्या खाणावळीत तिनं अर्ध्या गावाला जेवू घातलं होतं आणि सगळ्या गावाला रांगेत नीट उभं राहायला शिकवलं होतं. लाडवाच्या कागदावर तिचं नाव असलं की आईबाप काही बोलत नसत.

एक आई बोलली. म्हणजे बोललीही नाही. गेल्या वर्षी शेजारच्या टॅरिनची सात वर्षांची मुलगी जूनी दारात आली, लाडू घेतला, आभार मानले आणि पायरी उतरायच्या आत तो आईच्या हातात देऊन टाकला. तिला सांगावं लागलं नाही. जूनीला शेंगदाणा चालत नाही आणि दूधही. दोन वर्षांची असताना एका बिस्किटापायी तिला अँब्युलन्समधून न्यावं लागलं होतं.

व्हर्नाला वाईट वाटलं नाही, राग आला. मुलीनं गावभर हिंडून पिशवी भरायची आणि वाटेत तोंडात काही टाकायचं नाही, हा काय सण झाला?

म्हणून यंदा तिनं नवं पातेलं आणलं, नवा चमचा आणला, हाताला लावायला लोण्याऐवजी खोबरेल तेल आणलं आणि सणाच्या दुपारी टॅरिनला बोलावलं. "समोर बसून बघ. मग ठरव."

टॅरिन चष्मा लावून आली. साखरेच्या पिशवीवरचं बारीक अक्षर तिनं दोनदा वाचलं. मग मिठाच्या डब्यावरचं.

"मीठ आहे ते," व्हर्नाचा नवरा डेल्बर्ट बाहेरच्या खोलीतून म्हणाला.

"मी पाण्याच्या बाटलीवरचंही वाचते, मिस्टर क्लाइन."

"वाचू दे तिला," व्हर्ना म्हणाली. "तू आपलं लग्नाचं सर्टिफिकेटसुद्धा अजून वाचलेलं नाहीस."

पाक लाह्यांवर ओतला आणि नेमका तेव्हाच टॅरिनला फोन आला. ती व्हरांड्यात गेली. पाक कुणासाठी थांबत नाही; व्हर्नानं भराभर लाडू वळायला घेतले. अकरा झाले. बाराव्याला तिचं लक्ष शेगडीशेजारी गेलं. सकाळी बाकीच्या मुलांचे लाडू केले तेव्हाचं लोण्याचं ताट तिथंच राहिलं होतं आणि त्यात तिच्या चार बोटांच्या ताज्या खुणा होत्या. खोबरेल तेलाचं झाकण उघडलेलंही नव्हतं.

डेल्बर्ट दारात उभा होता. "एवढंसं तर लोणी. तिला कळणार नाही."

"तिला नाही कळणार. जूनीला कळेल."

टॅरिन आत आली. व्हर्नानं हात पुढे धरले. "लोणी लावलं मी. सगळ्या लाडवांना. सवयीनं."

टॅरिननं ताटाकडे बघितलं, मग लाडवांकडे. आता ही पर्स उचलून निघणार, असं व्हर्नाला वाटलं.

"ते बिस्कीट माझ्या सासूबाईंनी केलं होतं," टॅरिन म्हणाली. "दूध नाही, असं शपथेवर सांगत होत्या. दूध घातल्याचं आम्हाला दवाखान्यात कळलं." तिनं लोण्याचं ताट आणि अकरा लाडू डेल्बर्टच्या हातात दिले. "हे घेऊन तुम्ही बाहेर बसा. मिसेस क्लाइन, पाक पुन्हा ठेवा. आता फोन आला तरी मी उठणार नाही."

टेबल टॅरिननं पुसलं. भांडी व्हर्नानं दोनदा घासली. हात तीनदा. साखर सात लाडवांपुरतीच उरली होती.

संध्याकाळी जूनी कचऱ्याच्या गाडीचं सोंग घेऊन आली. लाडू घेतला, आभार मानले आणि सवयीनं हात आईपुढे केला.

टॅरिननं आपले हात कोटाच्या खिशात घातले.

जूनीनं लाडवाचा हात मागे घेतला. मग पायरीवर बसली, म्हणजे पुठ्ठ्याच्या त्या गाडीत जेवढं बसता येतं तेवढं, आणि कागद सोडला. मागे रांग तुंबली.

"दाताला चिकटतो," ती म्हणाली.

"मग सावकाश खा," व्हर्ना म्हणाली आणि रांगेतल्या मुलांना तिनं बाजूच्या हिरवळीवरून यायला सांगितलं.