चहाआधी मिटलेले डोळे

अण्णा, म्हणजे माझे वडील, डोळे मिटल्याशिवाय चहासुद्धा पीत नसत. कपबशी हातात आली की मान खाली जायची, ओठ हलायचे आणि चहावर साय धरायची. बेंबळीच्या आमच्या घरी आलेले पाहुणे ताटकळत बसायचे. माझी मुलगी अकरावीत सायन्सला गेल्यापासून त्यांना छेडायची, "आजोबा, चहा आईनं केला, दूध म्हशीचं. मग आभार कुणाचे?" अण्णा म्हणायचे, "आईचे मानतो, म्हशीचे बी मानतो. उरलेले त्याचे." मी शाळेत विज्ञान शिकवतो. या उत्तरात मला कधी खोट सापडली नाही.

माझे आजोबा पोतराज होते. अंगावर आसूड ओढत मरीआईच्या नावानं दारोदार मागायचे. पुढं त्यांनी आसूड खाली ठेवला आणि ते ख्रिस्ती झाले, पण अण्णांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलेला धर्म आणि जात तशीच राहिली. आम्हीही बदलली नाही. ख्रिस्ती झालं की आमच्यासारख्यांची जात कायद्याच्या लेखी सुटते, सवलत जाते. गावाच्या लेखी मात्र काहीच सुटत नाही. आमचं घर आजही गावकुसाबाहेरच आहे. हा कायदा ज्यानं केला त्याला चार दिवस आमच्या गल्लीत आणून ठेवावं, असं मला फार वाटतं.

मुलीला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला, राखीव जागेवर. मग कुणीतरी निनावी अर्ज केला की हे लोक ख्रिस्ती आहेत. जात पडताळणीची माणसं घरी चौकशीला येणार असं कळलं. प्रमाणपत्र अडलं तर प्रवेश रद्द.

मी भिंतीवरचा क्रूस काढून गोधड्यांच्या पेटीत घातला. पोरांची तोंडी परीक्षेची घेतो तशी चार दिवस अण्णांची तयारी करून घेतली. कुलदैवत कोणतं? लग्न कसं लावता? रविवारी कुठं जाता? या प्रश्नावर ते अडले. "तू काय करायलास, समजतंय का तुला?" म्हणाले.

"अण्णा, पोरीच्या जल्माचा सवाल हाय."

त्यांनी नातीकडं पाहिलं. "बरं," म्हणाले.

चौकशीला आलेले साहेब वयस्क होते, सभ्य होते. अण्णांनी सगळी उत्तरं नीट दिली. मरीआईचं विचारलं तेव्हा तर लहानपणी बापामागं फिरताना ऐकलेलं गाणंही चालीसकट म्हणून दाखवलं. साहेब मान डोलावत लिहून घेत होते. मला हायसं वाटलं. बायकोनं चहा आणला.

अण्णांनी कपबशी घेतली आणि डोळे मिटले.

एवढंच मी विसरलो होतो. त्यांची मान खाली गेली, ओठ हलू लागले. साहेबांचं पेन थांबलं. दारात उभी असलेली माझी मुलगी पांढरीफटक पडली.

"काय होतंय यांना?" साहेबांनी विचारलं.

"चक्कर येते त्यांना," मी म्हणालो. "बीपी आहे." आणि अण्णांचा खांदा धरून गदागदा हलवला.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. मग साहेबांकडं वळून म्हणाले, "व्हय. येती चक्कर." आणि चहा पिऊन टाकला.

प्रमाणपत्र आलं. मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली की आजोबांचं बीपी तपासते. ते ठणठणीत असतं. ती यंत्र गुंडाळून पिशवीत ठेवते.

क्रूस मी पुन्हा त्याच खिळ्याला लावला. अण्णांनी तिकडं मान वर करून पाहिलं नाही. रविवारी उपासनेला ते येत नाहीत. समोर आलेलं सरळ खातात, सरळ पितात. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझी लाज वाटते. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, याची जास्त वाटते.

परवा सकाळी आम्ही दोघंच ओसरीवर बसलो होतो. चहा आला. त्यांनी लगेच कप तोंडाला लावला. त्यांच्या वाटचे आभार आपणच मानावेत म्हणून मी डोळे मिटले. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. त्यांनी मला गदागदा हलवलं.

"चक्कर यायली का रं?" अण्णांनी विचारलं.