न दाबलेल्या पट्ट्या

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की उठून जाणारी मी बाई. निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे... मापाचं गेज लावल्याशिवाय आईच्या भाकरीलाही गोल म्हणत नाही, असं घरचे चिडवतात. तरी हे लिहितेय, कारण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही मूळचे लातूरकडचे, राहायला कुरुळीत. माझे वडील, अण्णा, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर होते आणि भजनी मंडळात पेटी वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. दवाखान्यातून आले त्याच आठवड्यात पेटी मंडळाला देऊन टाकली. मग बोलणंही आटलं. जेवलात का विचारलं की मान हलवायची, बस्स. मला ते बघवत नव्हतं हो. अण्णांनी पुन्हा वाजवावं, एवढंच हवं होतं.

म्हणून मैत्रिणीचा जुना वाजवायचा कीबोर्ड आणि तो लॅपटॉपला जोडणारा डबा, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, आणला. म्हटलं, हेडफोन लावून वाजवतील, दुसरं कुणी ऐकणार नाही, लाजायला नको. जोडण्यातच बुधवारची अख्खी संध्याकाळ गेली! लॅपटॉपची सगळी सेटिंग ढवळून काढली, आणि शेवटी कळलं — मिडीची वायर मी आउटमधून आउटमध्येच खोचली होती. काखेत कळसा, दुसरं काय! कीबोर्डच्या आउटमधून इंटरफेसच्या इनमध्ये घातली, तेव्हा कुठे पट्टी दाबली की स्क्रीनवर रेघ उमटायला लागली. या वायरीतून आवाज जात नाही बरं का. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, तेवढीच खबर जाते. आवाज लॅपटॉप काढतो.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी आणि लाइट गायब. प्रेस बंद, त्यामुळे जमिनीची रोजची थरथरही नाही. लॅपटॉप बॅटरीवर, कीबोर्ड सेलवर. पडद्यातून पिवळं ऊन झिरपत होतं, आई भिंतीला टेकून पेंगत होती... सगळं घरच अर्धवट झोपेत.

"तीन बोटांनी काय वाजवू गं, येड्यावानी?" अण्णा कुरकुरतच बसले. पण हेडफोन लावला आणि भैरवीतली एक जुनी चाल धरली. बोट पुरत नव्हतं तिथला सूर सोडून पुढे जात होते.

मध्येच थबकले. "सुटलेले सूर कोण वाजवायलंय गं?"

मी स्क्रीन पाहिली. सुटलेल्या प्रत्येक जागी रेघ होती — फिकट, अगदी हलक्या हाताने दाबल्यासारखी. त्यांना पुन्हा वाजवायला लावलं आणि पट्ट्यांवरून नजर हलवली नाही. त्या पट्ट्या खाली गेल्याच नाहीत. रेघा मात्र उमटल्या, सुरात आणि वेळेवर.

वायर बदलली. मी वाजवून पाहिलं, आईला बसवलं... काही नाही. मैत्रिणीचा नवरा साउंडचं काम करतो. तो म्हणाला, "वायर लूज असेल." अहो, लूज वायरीला भैरवी कळते होय?

अण्णांनी मात्र पुन्हा काही विचारलं नाही. दर गुरुवारी बसायला लागले. जेवताना बोलायला लागले, आईची थट्टा करायला लागले. हळूहळू तीच तीन बोटं सराईत झाली, अंगठा सरकवून सुटलेले सूर गाठायला लागली. तसतशा फिकट रेघा कमी होत गेल्या.

परवाच्या गुरुवारी त्यांनी अख्खी चाल न अडखळता वाजवली. मी रेकॉर्डिंग पाहिलं. फिकट रेघ एकही नव्हती. कसं सांगावं कळेना, पण त्यांना आधीच समजलं होतं.

"गेली वाटतं गं," तुटलेल्या बोटांच्या जागची हाताची कड कुरवाळत ते म्हणाले. "जाऊ दे. लई राबली बिचारी."

मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. बाहेर अण्णांनी तीच चाल पुन्हा सुरू केली होती.