स्पॅनिशचे सर

जाफराबादच्या आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवत, पण जीव स्पॅनिशवर. हैदराबादेत शिकून आल्ते. बसस्टँडवरून येताना क्रियापदं पुटपुटत आणि पहिल्या तासाआधी स्पॅनिशचा वर्ग घेत. मी तिथं कारकून.

एकदा विचारलं, "सर, इथं कोन बोलून राह्यलंय ही भाषा?"

"तुमी शिका. मंग आपुन दोघं झालो."

मी शिकलो नाही. टेंभुर्णीच्या मेंढपाळाची मुलगी मात्र तीन वर्षं एकटी येत राहिली.

पुढं कपाशी बघायला आलेले मेक्सिकोचे पाहुणे कॉलेजातही आले. त्यांना इंग्रजी येईना. सगळे सरांकडे बघू लागले. सर मागं सरले. "बोल बाई, बराबर येतंय तुला."

ती घडाघडा बोलली. पाहुणे खुलले, प्रश्नामागून प्रश्न विचारू लागले. सरांनी माझा दंड घट्ट धरला होता. ती थांबताच ते ओरडलेच, "एक चूक न्हाई हो! एक बी न्हाई!"