सोडलेला कोपरा

अल्लीपूरजवळच्या तलावात एक मावशी शिंगाडे लावते. ट्रकच्या ट्यूबवर बसून हातानं पाणी कापत ती वेलांतून फिरते. तोडणीच्या दिवसांत जिथं पाणकोंबडीचं घरटं असेल, तिथला वेल ती हात न लावता सोडते. तिच्या सासूनं घालून दिलेली ही रीत. गेल्या वर्षी मी सिंदी मेघेहून दर रविवारी कॅमेरा घेऊन जायचो, तेव्हा घरट्याचा कोपरा तिनंच मला दाखवला. लांबूनच पाहायचं, एवढीच तिची अट होती.

लांबून पानांशिवाय काही दिसेना. घरट्यात चार काळी पिल्लं होती आणि मला ती चारही एका फोटोत हवी होती. हौसेपायी माणूस किती गाढवपणा करतो! मावशी पलीकडच्या काठाला होती. मी आकडी लावलेल्या बांबूनं काठाजवळचा वेल बाजूला ओढला आणि चांगली दारभर जागा मोकळी केली. पिल्लं स्वच्छ दिसली. फोटो मनासारखे आले.

पुढच्या रविवारी गेलो, तर त्या मोकळ्या जागेत राखी बगळा गुडघाभर पाण्यात उभा होता. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं एक पिल्लू उचललं, पाण्यात बुचकळलं आणि गिळलं. बाकीची आधीच गेली होती. पाणकोंबडी ओरडत पानांवरून धावत होती. मला ओरडायलाही सुचलं नाही. उलट, सांगायला लाज वाटते, बोट कॅमेऱ्यावर होतं.

मावशी ट्यूब वल्हवत आली. तिनं रिकामं घरटं पाहिलं, मग ती मोकळी जागा पाहिली.

"भाऊ, यंदा तोडता तोडता माह्याच हातून वेल जास्त निंगाला वाट्टे," ती म्हणाली. "बगळ्याले वाट म्याच देल्ली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "नाही मावशी, बगळ्याचं पोटच तसं." खोटं काही बोललो नाही, म्हणून तर ते जास्त लागतं.

यंदा तिनं तो कोपरा दुप्पट सोडला आहे. तेवढ्या वेलाचे शिंगाडे पाण्यातच सडणार. परवा गेलो, तर तिनं उकडलेले शिंगाडे माझ्या ओंजळीत घातले, आणि मी ते तिच्यासमोर बसून खाल्ले.