आजारी कोण, हे गाव ठरवतं

आमच्या गावात कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही, असं मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. सांगणाऱ्या बाईंना तोवर माझा घटस्फोट, माझ्या गाडीला नसलेले विंटर टायर आणि येताना मी वाटेत कुठे जेवले, हे सगळं माहीत होतं.

मी नागपूरची डॉक्टर. कॅनडात डॉक्टरकी करायची तर आधी काही वर्षं खेड्यात काढा, अशी अट होती, म्हणून सस्कॅचेवानमधल्या या गावात आले. रेजिना या सगळ्यांत जवळच्या मोठ्या शहरापासून अडीच तास. एक दुकान, आइस हॉकीची एक रिंक, एक दवाखाना आणि एकमेकांचं तोंड न बघणारी दोन चर्चं. चहूकडे सपाट जमीन, त्यामुळे कुणाचा ट्रक कुठे निघाला हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, आणि खिडकीत कुणीतरी असतंच. दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल आहे. तिथे रोज सकाळी सात-आठ म्हातारे शेतकरी कॉफी पीत बसतात. तोंडाने पावसाबद्दल बोलतात, डोळे रस्त्यावर. कुणाची गाडी कुणाच्या दारात किती वेळ उभी होती, यावरून ते निदान करतात. माझ्यापेक्षा लवकर करतात आणि त्यासाठी कुणाचं रक्तही काढत नाहीत.

या गावाचा एक रिवाज आहे. कुणी आजारी पडला की सगळे आपापले कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीची अवाढव्य यंत्रं, घेऊन त्याच्या शेतात उतरतात आणि दोन दिवसांत त्याची कापणी उरकून देतात. बायका ॲपल पाय आणि कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं भांडंभर जेवण, आणतात. फार कौतुकाची गोष्ट, फोटो निघतात. फक्त मदत मागायची नाही, कारण तो कमीपणा. आणि आपणहून विचारायचंही नाही, कारण तो अपमान. थोडक्यात, माणूस पुरता आडवा झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

ऑगस्टच्या शेवटी एक शेतकरी माझ्याकडे आला. सत्तरीचा, कानात मळ झालाय म्हणून. "गावात मशीनचा पार्ट घ्यायला आलोच होतो," म्हणाला. दवाखान्यात कुणी मुद्दाम येत नाही, सगळे आलेलेच असतात. कान साफ करून झाला, टोपी घातली, दाराशी पोचला आणि तिथून म्हणाला, "कंबाइनची शिडी चढलो की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. थोडं थांबलं की उठतं."

मी त्याला परत बसवलं. ईसीजी काढला, हृदयाला रक्त पुरत नव्हतं. आजच्या आज रेजिनाच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, मी म्हटलं. त्याने खिडकीबाहेर बघितलं. "कॅनोलाचं पीक उभं आहे, डॉक. कापणी झाली की जातो." मी समजावलं, ओरडले, मरशील असंही सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, जिभेखाली मारायचा स्प्रे खिशात टाकला, मान डोलावली आणि कापणीला गेला.

मला कुणाला काही सांगायची सोय नव्हती. पेशंटची गोष्ट बाहेर काढली तर लायसन्स जायचं. धाकटी बहीण कॅनडातच किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिच्यापाशी नाव-गाव न घेता रडगाणं गायलं.

"ताई, तू शेजाऱ्यांना सांगून टाक ना सरळ! प्रायव्हसी काय घेऊन बसलीस?"

"आणि माझी प्रॅक्टिस तू चालवणार?"

"मग रोज सकाळी जाऊन बस त्याच्याकडे. आपल्याकडे नाही का, दारात डॉक्टरची स्कूटर दिसली की गल्लीभर होतं?"

बहीण हुशार आहे, हे मला मान्य करायला आवडत नाही. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याआधी मी त्याच्या घरी जायला लागले. मुख्य रस्त्यावरून दिसेल अशी गाडी अंगणात लावायची, त्याचं ब्लडप्रेशर बघायचं आणि त्याच्या बायकोबरोबर अर्धा तास कॉफी प्यायची. आपल्याला नुसते गॅसेस आहेत, असं त्याने तिला सांगितलं होतं. तिने ते मानलंय असं त्याला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या टेबलाने निदान जाहीर केलं, त्याच्या बायकोला कॅन्सर!

दुपारी पहिला कॅसरोल दारात आला. आणणारीने डोळे पुसत तिला मिठी मारली. पुढचं त्या बायकोनेच मला सांगितलं. तिने शेजारणीच्या खांद्यावरून मागे बघितलं. नवरा टेबलाशी बसला होता, चेहरा राखेसारखा, एक हात छातीवर. ती बाई जन्मात खोटं बोललेली नव्हती. "थँक यू," ती म्हणाली, आणि आत जाऊन भरदुपारी नाइटगाऊन घालून अंथरुणावर पडली.

दुसऱ्या सकाळी सात कंबाइन शेतात उतरले. तो मदत घेणार नव्हता, पण बायकोसाठी घ्यायला हरकत नव्हती. अंगणात खुर्ची टाकून दोन दिवस तो आपलं शेत दुसऱ्यांनी कापताना बघत बसला. ती धडधाकट बाई आत पडून राहिली आणि अकरा कॅसरोल फ्रीझरमध्ये गेले. कापणी संपली त्या संध्याकाळी मी त्याला रेजिनाला पाठवलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना तो मला म्हणाला, "तिची काळजी घ्या."

तो जगला. पण हृदयाचा बराच भाग कामातून गेला होता. महिना-दीड महिना आधी आला असता तर वाचवता आला असता, असं तिथल्या डॉक्टरने मला फोनवर सांगितलं. आता दहा पावलं चालला की त्याला बसावं लागतं. शेत भाड्याने गेलं.

फोन ठेवला आणि मी तडक दुकानात गेले. टेबल भरलेलं होतं. एकाने खुर्ची सरकवली, मी बसले नाही. आता लपवायला उरलंच काय होतं, ॲम्ब्युलन्स सगळ्यांनी बघितली होती. "निदान चुकलं तुमचं," मी म्हटलं. मला त्यांना लाजवायचं होतं.

कुणी लाजलं नाही. सगळ्यांत म्हातारा होता त्याने कपात साखर ढवळली. "नाही चुकलं. तिचं नाव घेतलं नसतं तर त्याने आम्हाला फाटकातून आत येऊ दिलं नसतं. जुलैपासून तो फाटकाला टेकून दम खायचा, आम्ही बघत होतो."

"जुलैपासून?" माझा आवाज चढला. दुकानातल्या बायका वळून बघायला लागल्या. "आणि एकानेही जाऊन विचारलं नाही? बसून बघत राहिलात?"

"त्याने काही म्हटलं नाही ना," तो म्हणाला. मग माझ्याकडे मान वर करून त्याने अगदी साधेपणाने विचारलं, जणू पाऊस कधी पडला ते विचारतोय. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं, डॉक?"

मला ऑगस्ट म्हणता आलं नाही. त्याने खुर्ची आणखी थोडी सरकवली आणि मी त्यांच्यात बसले.