कळकाची भिंत

काटेकाकूंच्या रोपवाटिकेत सगळं मिळायचं, फक्त गोड बोलणं मिळायचं नाही. "शोभेचं काही आहे का?" असं कुणी विचारलं की काकू त्याला आपादमस्तक न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "शोभा घरात ठेवा. इथे झाडं आहेत, आणि तीही इथल्याच मातीतली." गिऱ्हाईक नाक मुरडून गेलं तर खुशाल जाऊ द्यायच्या. जे थांबेल त्याच्या हातात एक पान चुरगळून द्यायच्या. आधी वास घ्या, देठ मोडून चीक बघा, मग नाव विचारा. करंज कुठे लावायचा, उंबर घराच्या भिंतीला का खेटवायचा नाही, कुठल्या सालीचा काढा करायचा आणि कुठल्या झाडाला हातही लावायचा नाही, हे सगळं त्या सांगायच्या, पण खेकसून. लोक तरी परत यायचे, कारण काकूंची रोपं मरायची नाहीत.

नाव स्वभावावरून पडलं असं नव्या माणसाला वाटे. खरं कारण घरामागे उभं होतं. तिथे कळकाची, म्हणजे काटेरी बांबूची रांग होती. घराहून उंच, आणि इतकी दाट की मांजरसुद्धा वळसा घालून जाई. पलीकडे थोरली जाऊ राहायची. दोघींमधून विस्तव जात नव्हता.

भांडण एका झाडाचं. घर एकत्र होतं तेव्हा मागच्या अंगणात जुना बिवळा होता. त्याच्या चपट्या, गोल, कडेने पातळ पंख असलेल्या शेंगा वाऱ्यावर गिरक्या घेत यायच्या. त्या वेचून काकूंनी आणि त्यांच्या नवऱ्याने पहिली रोपं केली. रोपवाटिका उभी राहिली ती त्या एका झाडावर. वाटणीत झाड थोरलीकडे गेलं. पुढे काकू आजारी नवऱ्यापाशी इस्पितळात बसल्या होत्या, तेव्हा थोरलीने ते तोडून घेतलं. पानांनी गच्चीचं पन्हाळं तुंबतं म्हणे. काकू परतल्या तेव्हा बुंध्यावर लाल चीक अजून ओला होता. "त्या बाईचं तोंड मला मरेपर्यंत दिसता कामा नये," एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि त्याच पावसाळ्यात त्यांनी कळक लावला.

वीस-बावीस वर्षं तोंड दिसलं नाही. मधे नवरा गेला, तेव्हा थोरली रस्त्याने वळसा घालून दाराशी आली होती. काकूंनी आतून कडी लावली. कुणी थोरलीचं नाव काढलं की काकू उठून झाडांना पाणी घालायला जायच्या. दर उन्हाळ्यात पलीकडून पालापाचोळा जाळल्याचा धूर आला की खिडकी आपटून लावायच्या. मधमाश्या कळकावरून पलीकडे जाताना दिसल्या तर म्हणायच्या, "लावली असतील विलायती फुलं कुंड्यांत. तिची अक्कल तेवढीच."

बिवळ्याच्या बियांसाठी मात्र आता दगडखाणीच्या वरच्या टेकाडावर जावं लागे. काकू गुडघे धरून चढायच्या आणि वाटभर थोरलीचा उद्धार करायच्या. यंदा वर पोहोचल्या तर खाणीने टेकाडच अर्धं खाल्लेलं. झाड नव्हतं. दुसरा बिवळा त्यांना ठाऊक नव्हता. वाफा तयार करून ठेवला होता, तो तसाच राहणार होता. रिकामी पिशवी घेऊन त्या घरी आल्या आणि पाहतात तर कळकाला फुलोरा.

नवख्याला कौतुक वाटलं असतं. काकूंनी कपाळावर हात मारला. कळक आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो. त्याला चाळीसेक वर्षं लागतात, पण बी पेरलं तर. कंद लावला की त्याला वय आईचं लागतं. जागा बदलली म्हणून तो तरुण होत नाही. "कंद घेताय ना, मग आधी आईचं वय विचारा," असं काकू गिऱ्हाइकांना दरडावून सांगायच्या. आणि स्वतः मात्र रागाच्या भरात कुठल्याशा जुनाट बेटातले कंद उपटून आणले होते. बियांची रोपं वाढेपर्यंत दम कुणाला होता?

कळक पिवळा पडला. गव्हासारखं बी गळलं, त्यामागे उंदीर आले. काकूंनी बी झाडून डब्यात भरलं, नव्या भिंतीसाठी. पण वाळलेलं बेट घराला लागून ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. नाइलाजाने त्यांनी बांबू तोडणाऱ्याला बोलावलं.

त्याने पहिला बांबू आकड्याने ओढून खाली घेतला आणि म्हणाला, "काकू, काट्यांत हे काय अडकलंय? सगळीकडे आहे."

काकूंनी हातात घेतलं. अंगठा फिरवला. गोल, चपटी, मधे फुगीर, कडेला पंख. बघायची गरजच नव्हती. काही शेंगा काळ्या पडून कागदासारख्या झालेल्या, काही यंदाच्या, तपकिरी आणि टणक. बांबूच्या पलीकडच्या अंगाला, वरपासून खालपर्यंत, काट्याकाट्यात शेंगा. वारा त्या काकूंच्या अंगणाकडेच आणत होता, दरवर्षी. काकूंनी लावलेल्या काट्यांनी त्या अडवल्या होत्या.

आणखी दोन बांबू पडले आणि पलीकडचं दिसू लागलं. जुन्या बुंध्याच्या फुटीतून चांगला कवेत मावेल एवढा बिवळा उभा होता. खाली केस पिकलेली थोरली, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात काडेपेटी, पायाशी शेंगांचा ढीग.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं तरी सवयीने 'तुम्ही'च निघालं.

"जाळताय तुम्ही हे?"

"माझ्या अंगणातला कचरा आहे," थोरली म्हणाली. "मग काय डोक्यावर घेऊ?"

"मी याच्यासाठी टेकाड चढत होते. गुडघे गेले माझे."

"ठाऊक आहे. पिशवी घेऊन जाताना दिसायचीस की गच्चीवरून."

"आणि एका शब्दाने सांगितलं नाहीत."

"कुणाला सांगू? कडी लावलेल्या दाराला?" थोरलीने झाडू झाडाला टेकवला. "बुंध्याला फूट आली तेव्हा वाटलं, आता ही येईल. मागायला नाही तर भांडायला तरी येईल. म्हणून ठेवली. तू आपली भिंतीला पाणी घालत बसलीस."

"झाड तोडलं कुणी होतं?"

"मी. माझ्या वाटणीचं होतं. वाईट वाटतं का म्हणून विचारू नकोस, सांगणार नाही."

बांबू तोडणारा आपल्या कोयत्याची धार फार मन लावून बघू लागला.

काकूंना थोरलीचा राग आलाच. त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळेना. त्या काटे चुकवत पलीकडे गेल्या, ढिगाशी कण्हत बसल्या आणि शेंगा निवडू लागल्या. थोरलीने बसायला पाट दिला नाही, पाणी विचारलं नाही. आत मात्र गेली नाही.

"खालच्या ओल्या आहेत. त्या टाक," ती थोड्या वेळाने म्हणाली.

"मला शिकवू नका," काकू म्हणाल्या, आणि खालच्या टाकल्या.

वाफा भरला. पावसाळ्यात डब्यातलं कळकाचं बीही पेरलं आणि रोपं घोट्याएवढी झाल्यावर काकूंनी ती जुन्याच ओळीवर लावली. थोरली गच्चीवरून बघत होती. फक्त मधे, बिवळ्याच्या समोर, काकूंनी चांगली रुंद जागा मोकळी सोडली.

"इथे दार करणार का?" गिऱ्हाइकं विचारतात.

"दार कशाला? ती जागा वाऱ्यासाठी आहे," काकू पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगतात. "माणसाला यायचं असलं तर रस्त्याच्या अंगाला दार आहे."

त्या दाराची कडी अजून कुणी वाजवलेली नाही.